ओरडल्याशिवाय कस्टमर केअर हलत नाही?

‘चार शिव्या हासडा, लगेच काम होतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो पटतो, कारण ओरडल्यावर फोन बरेचदा वरिष्ठांकडे जातो. पण शांतपणे ‘वरिष्ठांशी जोडून द्या’ म्हटलं तरी तो जाऊ शकतो. फोन उचलणाऱ्याला किती रकमेपर्यंत परतावा देता येईल हे आधीच ठरलेलं असतं. आवाज चढवून ती मर्यादा वाढत नाही. उलट शिवीगाळ झाली की कॉल तोडायची मुभा अनेक ठिकाणी असते, मग पुन्हा तेच ‘हिंदी के लिए दो दबाइए’!

खरा जोर तक्रार क्रमांकात. तो मागून घ्या, तारखेसह लिहून ठेवा. उदाहरणार्थ, बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर तोच क्रमांक देऊन रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (ओम्बड्समनकडे) विनाशुल्क दाद मागता येते. खात्री करायची असेल तर बँकेच्या संकेतस्थळावरचं ‘तक्रार निवारण’ पान उघडा. पायऱ्या आणि मुदती तिथेच दिलेल्या असतात.