खान्देशातलं सुशिक्षितांचं स्थलांतर

खान्देशात जन्मलेली, इथल्याच शाळा-कॉलेजात शिकलेली पोरं-पोरी नोकरीसाठी पुणे, नाशिक, मुंबई, सुरत नाहीतर थेट परदेशात जातात आणि बहुतेक तिकडचीच होऊन जातात, त्या सगळ्या प्रकाराला हे नाव आहे. इंग्रजी पेपरात याला ब्रेन ड्रेन म्हणतात. तो शब्द 1960 च्या दशकात ब्रिटनचे शास्त्रज्ञ अमेरिकेत जायला लागले तेव्हा रूढ झाला. मराठीत कोणी बुद्धिगळती म्हणतं, कोणी प्रज्ञापलायन. गावात यातला एकही शब्द ऐकू येत नाही, पारावर बसलेले म्हातारे एवढंच म्हणतात, "बठ्ठा पोरे बाहेर ग्यात", म्हणजे सगळी पोरं बाहेर गेली.

खान्देश म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे. इंग्रजांच्या काळात हा एकच मोठा जिल्हा होता, 1906 साली त्याचे पूर्व खान्देश आणि पश्चिम खान्देश असे दोन भाग झाले, पुढे त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली आणि 1 जुलै 1998 ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. 2011 च्या जनगणनेत तिन्ही मिळून लोकसंख्या 79 लाखांच्या पुढे होती. साक्षरता जळगावची 78 टक्के, धुळ्याची जवळपास 73 आणि नंदुरबारची 64, म्हणजे एकाच खान्देशात किती फरक आहे बघा. त्यामुळे इथून बाहेर पडणारे सगळे एकसारखे नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याची आदिवासी कुटुंबं ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत जातात आणि हंगाम संपला की परत येतात, ते पोटासाठीचं हंगामी स्थलांतर आहे, त्याचं दुःख वेगळं आणि जास्त मोठं आहे. ही नोंद डिग्री हातात घेऊन गेलेल्यांबद्दल आहे.

आधी कारखाने गेले, मग पोरं

खान्देश मुळात मागास होता आणि म्हणून पोरं गेली असं बरेच जण समजतात, मला ते पटत नाही. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांच्या काठची काळी जमीन, कापूस मुबलक, मुंबईहून येणारी रेल्वे भुसावळपर्यंत, यामुळे जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव इथं कापडाच्या मिल उभ्या राहिल्या होत्या. अमळनेरला प्रताप शेठजींनी मिल काढली, तत्त्वज्ञान मंदिर काढलं, 1945 मध्ये कॉलेज सुरू झालं, आणि त्याच वर्षी 29 डिसेंबरला याच गावात वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी स्थापन झाली. तीच पुढे विप्रो झाली! मोहम्मद प्रेमजींनी अमळनेर निवडलं कारण शेंगदाणा इथला, रेल्वे इथून जाते. गावातल्या लोकांनी तेव्हा घेतलेले शेअर्स सांभाळून ठेवले आणि पुढे कितीतरी साधी घरं श्रीमंत झाली हे सगळ्यांना माहिती आहे. पण कंपनी कॉम्प्युटरच्या धंद्यात उतरली ती बंगळुरूहून. आज अमळनेरचा पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर होतो आणि त्याच कंपनीत नोकरी करायला हिंजवडीला रूम करून राहतो. खान्देशाची सगळी गोष्ट मला या एका उदाहरणात दिसते.

मिल एकेक करून बंद पडल्या, जळगावच्या खान्देश मिलच्या जागेवर आता व्यापारी संकुल आहे. चाळीसगावचा बेलगंगा, साक्रीचा पांझराकान असे सहकारी साखर कारखानेही बंद पडले. मिल किंवा कारखाना म्हणजे नुसते मजूर नसतात, तिथं केमिस्ट लागतो, अकाउंटंट लागतो, इंजिनिअर लागतो, शेती अधिकारी लागतो, ही शिकलेल्या माणसाची जागा होती आणि ती गेली. नंतर जे उभं राहिलं त्यात जळगावचा चटईचा धंदा, डाळमिल, पीव्हीसी पाइप, ठिबकचा मोठा उद्योग, सोन्याचा बाजार, शिरपूरकडच्या सूतगिरण्या आहेत. ठिबकच्या उद्योगाने शेती आणि इंजिनिअरिंग शिकलेल्या बऱ्याच जणांना इथंच काम दिलं हे मान्य केलंच पाहिजे. पण बाकी ठिकाणी लागतो तो ऑपरेटर, हमाल, हिशेब लिहिणारा आणि मालकाचा पुतण्या. कापूस इथला, तो गाठी होऊन बाहेर जातो आणि कापड होऊन परत येतो, त्या मधल्या प्रवासात जेवढ्या नोकऱ्या तयार होतात तेवढ्या सगळ्या दुसऱ्याच्या गावात.

शिक्षण वाढलं, काम नाही

1983 मध्ये राज्याने विनाअनुदानित खासगी इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि पुढच्या वीस वर्षांत धुळे, जळगाव, शिरपूर, भुसावळ, फैजपूर सगळीकडे कॉलेजं झाली. 15 ऑगस्ट 1990 ला जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, 2018 मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव दिलं. हे फार मोठं काम झालं, ज्यांच्या घरात कोणी दहावी नव्हतं त्या घरातल्या मुली एमएस्सी झाल्या. फक्त कॉलेज जेवढ्या वेगाने आलं तेवढ्या वेगाने काम आलं नाही. कॅम्पसला कंपनी आली तरी तिचं ऑफिस पुण्यातच असतं.

शिक्षकी पेशाची गत तर आणखी वाईट. डीएड-बीएड हा खान्देशातल्या मध्यम शेतकरी घराचा हक्काचा रस्ता होता. भरती थांबली, जी निघाली ती अपुरी, आणि संस्थेत लागायचं तर किती मोजावे लागतात हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. माझा चुलतभाऊ नेट-सेट या प्राध्यापकीच्या परीक्षा पास, तो सात वर्षं एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होता, पैसे वर्षातून दोनदा यायचे, मे महिन्यात काहीच नाही, शेवटी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्याने पुण्यात एका क्लासमध्ये नोकरी धरली आणि पहिल्या महिन्याचा पगार वेळेवर आला तेव्हा तो फोनवर रडला. अशा माणसाने गाव सोडलं म्हणून त्याला दोष देणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

शेती धरून राहावं म्हटलं तर कापसाला 2017 पासून गुलाबी बोंडअळी, केळीला मे-जूनची वादळं आणि भावाचा लहरीपणा. जळगावच्या केळीला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहेच, पण एका वादळात रावेर-यावलचे मळे झोपतात त्याचं काय! तापीवरचं पाडळसे धरण वीस वर्षांहून जास्त रखडलेलं आहे आणि पाणी गुजरातेत वाहून जातं. मग बाप ठरवतो की पोराला शेतीत घालायचं नाही, कापूस विकून आलेल्या पैशातून फी भरायची, कमी पडलं तर सोसायटीचं कर्ज आणि तरी कमी पडलं तर सोनं. त्यात लग्नाचा बाजार आहे, मुलीवाले स्पष्ट विचारतात मुलगा कुठे असतो, 'पुण्याला कंपनीत' म्हटलं की चहा येतो आणि 'घरची शेती बघतो' म्हटलं की विषय बदलतो. खरं सांगायचं तर कितीतरी पोरं पगारापेक्षा या प्रश्नाच्या धास्तीने गेली आहेत.

कुठे जातात

सुरत सगळ्यात जुनी वाट. नंदुरबार, अमळनेरवरून रेल्वे थेट सुरतला जाते, आधी लूमवर (यंत्रमागावर) काम करणारे गेले, मागून शिकलेले गेले, आज सुरतच्या उधना-लिंबायत भागातल्या गल्ल्यांत अहिराणी, म्हणजे खान्देशची बोली, कानावर पडते. गुजरातमधले खासदार सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातलेच. आयटीआय-डिप्लोमावाल्यांची वाट नाशिकच्या सातपूर-अंबडची आणि वाळूजची, मुंबईवाल्यांची कल्याण-डोंबिवलीची. 2000 नंतर मात्र पुण्याने सगळ्यांना मागे टाकलं, पिंपरी-चिंचवड, भोसरी, वाकडला खान्देशी माणूस इतका आहे की शेवभाजी, भरीत आणि कळण्याच्या भाकरीची हॉटेलं तिथं गर्दीने भरतात.

हे सगळं एका जागी बघायचं असेल तर रात्री आठ-नऊला पारोळा किंवा जळगावला पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात तिथं उभं राहावं. डिक्कीशेजारी खोक्यांची रांग असते, केळीचे वेफर्स, बिबड्या, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, सीझनला भरताची वांगी, सुतळीने बांधलेलं आणि वर मार्करने मोबाइल नंबर लिहिलेला. म्हातारा बाप क्लीनरला पन्नास-शंभर रुपये देतो आणि दोनदा सांगतो, "भाऊ, ते खोकं आडवं नको ठेवू, लोणचं आहे." पहाटे पाचला नाशिक फाट्यावर मुलगा झोपेतच येऊन ते उचलतो.

मागे काय राहतं

पैसे येतात, स्लॅबचं घर होतं, फरशी बसते, आणि मग त्या घरात दोन म्हातारी माणसं खालच्या एका खोलीत राहतात, वरच्या मजल्याला कुलूप. दवाखान्यात न्यायला शेजारचा पोरगा. ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत, सोसायटीत ज्याने प्रश्न विचारायला हवा होता तो शिकलेला माणूस गावात नाही, हे नुकसान मोजता येत नाही म्हणून कोणी मोजत नाही, मला मात्र तेच सगळ्यात मोठं वाटतं.

भाषेचंही तसंच. जनगणनेत खान्देशी (यात अहिराणी येते) बोलणारे 2001 ला पावणेएकवीस लाख होते, 2011 ला साडेअठरा लाखांच्या आसपास. याला स्थलांतर हे एकच कारण नाही, गावातले लोकही मातृभाषा मराठी लिहितात, पण पुण्यात वाढलेल्या नातवाला आजीचं "कसा शे रे भाऊ" कळतं आणि उत्तर मात्र मराठीत येतं, हे घराघरात आहे.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये उलटं घडलं. पोरं लॅपटॉप घेऊन गावी आली, गच्चीवर रेंज शोधत मीटिंग केल्या, वर्ष-दोन वर्षं गावं भरलेली होती. काम इथून होऊ शकतं हे सिद्ध झालं, फक्त नेट आणि वीज टिकायला हवी होती. कंपन्यांनी परत बोलावलं तसे सगळे गेले. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली आहे, 309 किलोमीटर, धुळ्याहून जाणारा, कित्येक दशकांची मागणी. दिल्ली-मुंबई औद्योगिक कॉरिडॉरमध्ये धुळे जिल्ह्यातल्या नरडाण्याचं नाव घेतात. रूळ पडले की कारखाने येतात हा अमळनेरचा जुना अनुभव असल्यामुळे लोकांना आशा आहे, मलाही आहे.

तोपर्यंत बाहेरची माणसं वर्षातून दोनदा नक्की येतात, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाला. कानबाई श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते. आदल्या दिवसांत रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्यासाठी, गहू मोजतात, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. आमच्याकडे आजोबा मोजायचे, आता काका मोजतात. एकेक नाव घेत मूठ सुपात पडते, भोसरीचा, सुरतचा, बंगळुरूचा, आणि चार वर्षं आला नाही त्या अमेरिकेतल्याचीही पडते. सोमवारी सकाळी विसर्जन होतं आणि सोमवारी रात्रीच्या पुण्याच्या गाड्यांची तिकिटं महिनाभर आधीच संपलेली असतात.