सळई आणि निसणा: वळलेली धार आणि झिजलेली धार

सुरमईची तुकडी नीट कापली जात नाही असे दिसले की घरातली पोलादी सळई काढायची, सुरी तिच्यावर जोराने दहा-वीस वेळा घासायची आणि तरीही सुरी चालत नाही म्हणून सुरीलाच दोष द्यायचा, हे मुंबईतल्या अनेक स्वयंपाकघरांत चालते. सुऱ्यांच्या संचासोबत सळई आलेली असते, आणि मटणाच्या दुकानात खाटीक दर थोड्या वेळाने सुरी तिच्यावर फिरवताना आपण पाहिलेला असतो. त्यामुळे सळईने धार लागते असा समज होतो. तो चुकीचा आहे. सळई असलेली धार जागेवर ठेवते; गेलेली धार परत आणण्याचे काम निसण्याचे, म्हणजे धारेच्या दगडाचे आहे.

दगड बहुतेकांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्यावर थोडक्यात सांगतो. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा, एक बाजू खरखरीत आणि दुसरी बारीक असलेला कार्बोरंडमचा दगड घरासाठी पुरतो. त्यावर पाणी वापरायचे ठरवले तर कायम पाणीच वापरावे, कारण एकदा तेल मुरलेल्या दगडात पाणी नीट शिरत नाही. स्वयंपाकाच्या सुरीसाठी प्रत्येक बाजूने १५ ते २० अंशांचा कोन योग्य ठरतो. पाते ४ सेंटीमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १ सेंटीमीटर उचलली की १५ अंश होतात. कोन एक-दोन अंशांनी चुकला तरी बिघडत नाही, मात्र दर फेरीला तो बदलत राहिला तर धार कधीच लागत नाही.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. सुरी बोथट होते म्हणजे नेमके काय होते, हे न पाहिल्यामुळे सगळी चूक घडते. धारेचा अगदी टोकाचा भाग इतका पातळ असतो की लाकडी फळीवर दाबल्याने किंवा हाडाला लागल्याने तो तुटण्याआधी एका बाजूला कलतो, वळलेल्या कागदाच्या कडेसारखा. धातू तिथेच असतो, फक्त त्याचे तोंड कापायच्या वस्तूकडे राहिलेले नसते. अशी सुरी सळईवर हलक्या हाताने फिरवली की ती कड पुन्हा सरळ होते आणि सुरी लगेच चालू लागते. दुसरी अवस्था वेगळी असते. त्यात टोकाचा धातू झिजून गेलेला असतो आणि तिथे गोलसर, जाड कड उरते. या कडेत सरळ करण्याजोगे काही राहिलेलेच नसते. दोन्ही बाजूंचा धातू घासून काढून दोन पृष्ठे पुन्हा एका रेषेत मिळवावी लागतात, आणि ते फक्त दगडच करतो. सळईवरही किंचित धातू जातो हे खरे, पण तेवढ्याने नवी धार तयार होत नाही.

सुरी कोणत्या अवस्थेत आहे हे ओळखणे अवघड नाही. धार वर करून सुरी दिव्याखाली धरावी: झिजलेली कड उजेडात पांढऱ्या रेघेसारखी चमकते, तर चांगली धार दिसतच नाही. त्याहून भरवशाची परीक्षा म्हणजे सळईवर प्रत्येक बाजूने चार-पाच हलक्या फेऱ्या देऊन पिकलेला टोमॅटो कापून पाहणे. साल न दाबता कापली गेली तर धार केवळ वळली होती. सुरी सालीवरून घसरली तर आणखी पन्नास फेऱ्या दिल्या तरी उपयोग नाही, दगड भिजत घालावा. खाटकाच्या सुरीवर सळई लगेच गुण दाखवते, कारण त्याची सुरी आधी दगडावर लावलेली असते आणि तो ती झिजेपर्यंत थांबत नाही.

दगडावर धार लागली की नाही, हे दुसऱ्या बाजूला उमटणाऱ्या बारीक खरखरीत कंगोऱ्यावरून कळते. फिटर लोक त्याला बर म्हणतात. हा कंगोरा पात्याच्या मुळापासून टोकापर्यंत सलग लागल्याशिवाय बाजू बदलू नये. बहुतेक लोक इथेच घाई करतात. शेवटी बारीक बाजूवर दाब कमी करत नेऊन तो काढून टाकावा.

सळई हवेत धरून सुरी सपासप आपटत फिरवण्याचे प्रात्यक्षिक मला अजिबात मान्य नाही. त्याने कोन बिघडतो आणि बोटे धोक्यात येतात. ओल्या फडक्यावर सळईचे टोक टेकवून ती उभी धरावी आणि सुरी वरून खाली ओढावी. हिऱ्याचा थर दिलेली किंवा सिरॅमिकची सळई मात्र दिसायला सळई असली तरी तिचे काम दगडाचे आहे. ती धातू काढते, म्हणून रोज वापरू नये. फार कठीण पोलादाच्या जपानी सुऱ्या खाचांच्या सळईवर घासू नयेत, त्यांची धार कपचे पडून तुटते.

परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ पाहून रानातल्या शिकारीसाठीच्या जाड, दातेरी सुऱ्या मागवणारेही आहेत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि पापलेट साफ करायला तर पातळ, किंचित लवचीक पाते लागते. माशाचे डोके आणि मटणाची हाडे यांसाठी कोयता वेगळा ठेवावा. त्याचा कोन प्रत्येक बाजूने २५ ते ३० अंशांचा असावा, नाहीतर धार पहिल्याच घावात बोथट होते.

धारवाल्याच्या कोरड्या चाकाबद्दल माझा आक्षेप ठाम आहे. ठिणग्या उडेपर्यंत दाबलेले पाते तापते, कडेवर निळसर झाक आली म्हणजे तिथले पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, उतरले, आणि त्या जागी पोलाद मऊ पडल्याने धार टिकत नाही. सुरी त्याच्याकडे द्यायचीच असेल तर ती वारंवार पाण्यात बुडवायला सांगावे. विळीचे पाते पाटावर घट्ट बसवलेले असते, तेव्हा पाते स्थिर राहू देऊन दगडच हातात धरून मुळाकडून टोकाकडे फिरवावा, आणि पावसाळ्यात लोखंडी पाते कोरडे पुसून त्यावर खोबरेलाचा हात फिरवूनच विळी मिटावी.