अडतं ते टॉवरपाशी नाही

गरीब, दुर्गम देशांतले लोक ऑनलाइन नाहीत कारण तिथे नेटवर्कच पोचलेलं नाही, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेचा २०२४ चा अहवाल पाहा: मोबाइल इंटरनेटच्या टप्प्याबाहेर जगातले जेमतेम ४ टक्के लोक, टप्प्यात असूनही न वापरणारे तब्बल ३९ टक्के! मुख्य अडचण स्मार्टफोनच्या किमतीची. शिवाय वाचता न येणं, स्क्रीनवर आपली भाषा नसणं, आणि घरातला एकुलता एक फोन नवऱ्याच्या खिशात असणं. आकाशात उपग्रह कितीही सोडा, त्या बाईच्या हाती काय येणार? ४ टक्क्यांसाठी टॉवर लागतीलच. बाकीच्यांसाठी आधी हँडसेटवरचा कर उतरवा, हप्त्याने फोन द्या.