रानवनस्पतींमुळे होणारी अपघाती विषबाधा

रानात, माळावर किंवा ओढ्याकाठी आपोआप उगवलेली वनस्पती खाण्याजोगी समजून वेचली आणि ती विषारी निघाली, तर होणारी विषबाधा. मुलांनी खेळताना गुंजा किंवा एरंडाच्या बिया चावणे हा वेगळा प्रकार आहे. येथे माणूस अन्नच वेचत असतो, आणि म्हणूनच पोटात दुखू लागले तरी संशय त्या भाजीवर चटकन जात नाही. अळंबी वनस्पती नसल्याने तिच्या विषबाधेचा विचार स्वतंत्रपणे करतात.

बहुतेक अपघात सारखेपणातून घडतात. वनस्पती ओळखण्याचा सर्वांत भरवशाचा आधार म्हणजे फूल आणि फळ. भाजीसाठी मात्र फुलण्याआधीची कोवळी पाने खुडतात आणि कंद पुष्कळदा वरचा भाग वाळल्यावर खणतात. वनस्पती खायला उत्तम असते नेमकी तेव्हाच ती ओळखायला सर्वांत अवघड असते. युरोपात वसंत ऋतूत रानलसणाची पाने वेचताना कोल्चिकम या विषारी वनस्पतीची पाने टोपलीत येतात. रानलसणाचे पान चुरगळले की लसणाचा वास येतो, ही खूण खरी आहे. पण चार पाने खुडल्यावर तो वास बोटांनाच लागतो आणि मग विषारी पानालाही लसणाचाच वास येऊ लागतो. गाजराचे कुल तर याहून फसवे. गाजर, कोथिंबीर, बडीशेप यांच्याच कुलात हेमलॉक आणि जल-हेमलॉक या विषारी वनस्पती आहेत. इ. स. पू. 399 मध्ये सॉक्रेटिसाला दिलेले विष हेमलॉकचेच मानले जाते. जल-हेमलॉकचे मूळ रानटी कंदमूळ समजून खाल्ल्यास तासाभरातही झटके सुरू होऊ शकतात.

या प्रकारातील एक जुनी नोंद अमेरिकेतील व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची आहे. 1676 मध्ये बंड मोडण्यासाठी आलेल्या इंग्रज सैनिकांनी धोत्र्याचा पाला शिजवून खाल्ला आणि ते अकरा दिवस भ्रमिष्टासारखे वागत होते, असे रॉबर्ट बेव्हर्लीने 1705 च्या आपल्या व्हर्जिनियाच्या इतिहासात लिहिले आहे. धोत्र्याचे इंग्रजीतील ‘जिमसन वीड’ हे नाव याच गावावरून पडले. पाला शिजवल्याने विष गेले नाही, ही त्या नोंदीतली महत्त्वाची गोष्ट.

लक्षणे विषद्रव्यावर अवलंबून असतात. धोत्र्यातील अ‍ॅट्रोपीन व स्कोपोलामीन यांमुळे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात, लघवी अडते, भास होतात. बचनागातील अ‍ॅकोनिटीन चेतापेशी व हृदयपेशींमध्ये सोडियम आत सोडणारे मार्ग उघडे ठेवते. आधी तोंडाला मुंग्या येतात, मग हृदयाचे ठोके बिघडतात. सर्वांत दगाबाज म्हणावे ते कोल्चिसीन. ते कोल्चिकममध्ये असते, तसेच कळलावीच्या कंदातही. ते पेशीविभाजन रोखते. पहिले काही तास काहीच जाणवत नाही, नंतर उलट्या-जुलाब होतात आणि साधे अपचन वाटते. पुढे एकेक अवयव निकामी होऊ लागतो, अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे थांबते.

प्राण्यांनी खाल्ले म्हणजे माणसालाही चालते, हा समज घातक आहे. अनेक सशांच्या शरीरात अ‍ॅट्रोपीनचे विघटन करणारे विकर (एन्झाइम) असते, माणसात नसते. ‘विष कडूच लागणार’ हेही खरे नाही. गाजरकुलातील काही जीवघेणी मुळे गोडसर लागतात. मोबाइलमधील ओळख-अ‍ॅप फार तर अंदाज देते. पानाच्या छायाचित्रावरून जेवणाचा निर्णय घेऊ नये.

उपचारात वेळेला मोल असते. घरी मुद्दाम उलटी करवू नये, कारण ती फुप्फुसात जाऊ शकते आणि झटके येत असतील तर धोका आणखी वाढतो. रुग्णालयात लवकर पोहोचल्यास पोटातले विष शोषून घेणारा सक्रियित कोळसा देता येतो. धोत्र्याच्या गंभीर विषबाधेत फायसोस्टिग्मीन हे औषध, तर हृदयावर परिणाम करणाऱ्या डिजिटालिस या वनस्पतीच्या विषबाधेत प्रतिपिंड उपयोगी पडतात. कोल्चिसीनवर सहज मिळणारा उतारा नाही. म्हणून उरलेली भाजी, निवडताना टाकलेले देठ, कंदाचे तुकडे, असेल तर उलटीचा अंशही सोबत न्यावा. त्याच भांड्यातले खाल्लेले इतर जण ठणठणीत दिसत असले तरी त्यांनाही लगेच तपासून घ्यावे.