छापा सरकला म्हणून भाव चढतो का?

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या पुण्याच्या जुन्या बाजारात नळाच्या तोट्या आणि बंद पडलेली घड्याळं यांच्या मधे एक जण नाण्यांचा अल्बम उघडून बसतो. परवा त्यानं प्लॅस्टिकच्या खिशातून दोन रुपयांचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ‘मिस्टेक पीस आहे साहेब. असा परत मिळायचा नाही.’ चूक होती खरी. सिंहाच्या बाजूला कड एकीकडे जाड, समोरच्या अंगाला बारीक. सगळं चित्रच कुणीतरी कोपरानं ढकलल्यासारखं. भाव तीनशे रुपये. घासाघीस करून दीडशेला घेतलं, कारण मला ते घरी नेऊन मोजायचं होतं.

व्हर्नियर कॅलिपर या बारीक मापं घेणाऱ्या पट्टीनं जाड बाजूची कड भरली 1.3 मिलिमीटर, बारीक बाजूची 0.8. फरक अर्ध्या मिलिमीटरचा. पण चित्र सरकलं ते याच्या निम्मंच, कारण एकीकडे जेवढं वाढतं तेवढंच दुसरीकडे घटतं. म्हणजे पाव मिलिमीटर. नाण्याचा व्यास 25 मिलिमीटर, तेव्हा सरकणं झालं एक टक्का. डोळ्याला मात्र ते बरंच मोठं वाटतं. दोन कडांची तुलना करण्यात आपली नजर फार तरबेज असते, आणि मिस्टेक पीसचा अर्धा धंदा या नजरेवरच चालतो.

टांकसाळीत नेमकं काय होतं ते पाहू. धातूच्या पत्र्यातून गोल कोऱ्या चकत्या कापतात, भट्टीत तापवून मऊ करतात आणि त्यांची कड दाबून किंचित उचलून घेतात. मग चकती दाबयंत्रात कॉलर नावाच्या पोलादी कड्यात बसते. खाली एक ठसा, वर दुसरा. वरचा ठसा कित्येक टनांच्या जोरानं आदळतो, धातू ठशाच्या खोबणीत शिरतो आणि कॉलरमुळे बाहेर पसरत नाही. आधुनिक यंत्रं मिनिटाला सातशेच्या आसपास नाणी पाडतात. एवढ्या दणक्यांत ठशाची पकड केसभर ढिली होणारच. वजनात आणि मापात किती फरक चालेल, याची मुभाही सरकारनं ठरवून दिलेली असते. तेव्हा एक टक्का सरकलेला छापा ही चूक कमी आणि यंत्राची सवय जास्त.

इथे एक भेद लक्षात घ्यावा लागतो, आणि अल्बमवाले तो हटकून गाळतात. माझ्या नाण्याची सिंहाची बाजू सरकलेली, पण मागची दोनच्या आकड्याची बाजू बरोबर मधोमध. म्हणजे चकती कॉलरमध्ये नीट बसली होती, एक ठसाच जागेवर नव्हता. असा ठसा दुरुस्त होईपर्यंत तशीच नाणी पाडत राहतो, दहा मिनिटं म्हटली तरी सात हजार. माझ्या ‘परत न मिळणाऱ्या’ नाण्याची हजारो भावंडं या घडीला रिक्षावाल्यांच्या खिशात आणि देवळांच्या दानपेटीत असतील. याउलट चकतीच कॉलरच्या बाहेर अर्धवट पडली, तर दोन्ही बाजूंचं चित्र एकाच दिशेला कापलं जातं, उरलेल्या भागात कोरा धातू राहतो आणि कॉलरचा आवर नसल्यामुळे नाण्याचा गोल बिघडतो. हा अपघात त्या एकट्या चकतीचा. त्यातही चार-पाच टक्के सरकलं असेल तर संग्राहक नाक मुरडतात. निम्मं चित्र गायब आणि तरी सालाचा आकडा शाबूत असेल, तर मात्र ते खुर्ची पुढे ओढतात.

फिरलेल्या ठशाचंही असंच. आपली नाणी वर-खाली दोन बोटांत धरून उभ्या अक्षाभोवती फिरवली की मागची बाजू सरळ उभी दिसायला हवी. ती दहा अंश कलली तर कुणी विचारत नाही, पूर्ण उलटी आली तर विचारतात.

भावंडं हजारो असली म्हणून नाणं कवडीमोलाचं ठरतं, असंही नाही. ब्रिटनमध्ये 2008 साली 20 पेन्सच्या नाण्याची रचना बदलली, तेव्हा साल एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर गेलं. जुन्या रचनेची एक बाजू आणि नव्याची दुसरी अशी जोडी चुकून जमली आणि सालच नसलेली हजारो नाणी बाहेर पडली. तरी त्यांना दर्शनी किमतीच्या कितीतरी पट भाव आला. कारण ‘यावर साल नाही’ हे एका वाक्यात सांगता येतं आणि शेंबड्या पोरालाही पटतं. ‘यावर सिंह पाव मिलिमीटर डावीकडे आहे’ या वाक्याला गिऱ्हाईक मिळवणं कठीण.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्यायचं तर शिवराई. हातोड्यानं पाडलेलं तांब्याचं नाणं. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एका बाजूचं ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूचं ‘छत्रपति’ पूर्ण उमटलेलं नाणं नशिबानंच हाती लागतं. पुण्यात पडलेल्या पेशवाईतल्या अंकुशी, म्हणजे अंकुशाचं चिन्ह असलेल्या रुपयाचीही तीच गत, मुघल बादशहाच्या नावाची निम्मी अक्षरं चकतीबाहेर. तिथे सरकलेला छापा हीच रीत, आणि जास्त पैसे पडतात ते मधोमध बसलेल्या छाप्याला. दोनशे वर्षांत कौतुकाची बाजूच पालटली. हे मला कोणत्याही लिलावाच्या आकड्यापेक्षा मजेदार वाटतं.

दहा रुपयांच्या दोन धातूंच्या नाण्यांत आणखी एक भानगड असते. गाभा आणि बाहेरचं कडं ठसा पडतानाच एकमेकांत घट्ट बसतात, धातू दाबाखाली सरकून मधली फट बुजवतो. काही हिकमती लोक गाभा ठोकून काढतात, उलटा बसवतात आणि दुर्मीळ म्हणून विकतात. भिंगाखाली जोडाची रेघ पाहावी. टांकसाळीच्या नाण्यात चित्राच्या रेषा त्या जोडावरून सलग जातात, ठोकलेल्यात तिथे पायरी आणि ओरखडे दिसतात. पक्कडीत दाबलेली, कानशीनं घासलेली, आम्ही लहानपणी रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटी केलेली, ही सगळी नुसती खराब केलेली नाणी. आणि ‘तुमचं नाणं लाखांना घेतो, आधी कमिशन भरा’ असा फोन आला तर रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये नेमका याच फसवणुकीबद्दल इशारा दिलेला आहे.

पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. अल्बमच्या शेजारी पत्र्याच्या डब्यात सुटी नाणी पडली होती, कोणतंही घ्या वीस रुपये. त्यात एक रुपयाचं एक स्टीलचं नाणं मिळालं. कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. कुणी कातरलंय का, म्हणून समोरची कड पाहिली. कापलेल्या जागेच्या बरोबर विरुद्ध बाजूला कड जवळजवळ पुसट होती. हे कानशीनं करता येत नाही. पत्र्यातून चकती कापताना आधीच्या भोकावर पंच, म्हणजे चकती कापणारं हत्यार, चढला की अशी चंद्रकोर जाते. मग कड उचलणाऱ्या यंत्रात ती रिकामी जागा आली की समोरच्या बाजूला दाबच मिळत नाही, आणि तिथली कड उठत नाही. खाचेजवळची अक्षरंही मोकळ्या जागेकडे ओढल्यासारखी लांबट झाली होती. घरच्या काट्यावर भरलं 3.62 ग्रॅम, असायला हवं होतं 3.79.

मी वीसची नोट पुढे केली. त्यानं नाणं उलटसुलट करून पाहिलं आणि मला परत दिलं. ‘हे तुटकं आहे काका, दुसरं घ्या ना.’