मैफलीचे खासगी ध्वनिमुद्रण

मैफल चालू असताना रसिकाने स्वतःसाठी केलेले गाण्याचे ध्वनिमुद्रण. पुण्यातल्या घरगुती बैठकांत आधी स्पूलचे टेपरेकॉर्डर आले; कॅसेट आल्यावर हा नाद बेताच्या मिळकतीतही परवडू लागला. यजमान ओळखीचा असला तर यंत्र माइकशेजारी ठेवायला मिळे, नसला तर ते शालीखाली जाई. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू 45 मिनिटांत संपते. त्यामुळे अशा संग्रहांत संथ लयीतला विलंबित ख्याल ऐन रंगात आला की खट्‌ आवाज होतो आणि दुसऱ्या बाजूला गवई एकदम द्रुतात, म्हणजे जलद लयीत, सापडतो. मधल्या ताना गेल्या त्या गेल्या. वेष्टणातल्या कागदावर बॉलपेनने राग, तारीख, साथीदारांची नावे, आणि कधी कधी अधोरेखित केलेले ‘कोणास देऊ नये’. ही सूचना सहसा कोणी पाळत नसे.

कलावंताची हरकत केवळ पैशाची नसते. स्टुडिओतले गाणे त्याने स्वतः ऐकून, पसंत करून बाहेर सोडलेले असते. मैफलीत बसलेला घसा, उतरलेला तबला, नुसता चाचपून पाहिलेला नवा राग, सगळेच टेपवर राहते. घराण्यात जपलेली अनवट चीज, म्हणजे बंदिश, परक्याच्या गळ्यात जाण्याची धास्ती तर टेपरेकॉर्डरहून जुनी. चीज बांधणारा निदान ‘सदारंग’सारखी टोपणनावाची मुद्रा घालून आपले नाव आत ठेवतो; त्या रात्रीच्या आलापीवर अशी सही करता येत नाही.

1957 च्या कॉपीराइट कायद्यात सादरकर्त्याचे हक्क 1994 च्या दुरुस्तीने नव्याने मांडले गेले. संमतीवाचून ध्वनिमुद्रण करणे हा हक्कभंग ठरला. हक्काची मुदत आता 50 वर्षे आहे. याच कायद्याचे 39 वे कलम मात्र करणाऱ्याच्या खासगी वापरासाठी, किंवा केवळ शिकवण्यासाठी वा संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला सूट देते. संग्राहक नेमके याच कलमावर बोट ठेवतो. मित्राला काढून दिलेली प्रत खासगी कशी, हे विचारले की तो चहा मागवतो. मोबाइलवरून गाणे इंटरनेटवर चढवणाऱ्याला तीही सोय नाही.

संग्राहकाचे दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: भास्करबुवा बखले. पुण्यात 1911 मध्ये भारत गायन समाज स्थापणारे, बालगंधर्व आणि मास्तर कृष्णराव यांचे गुरू. 1922 मध्ये ते गेले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका नाही.