एम्ब्लेझन (कुलचिन्हांकन)

ढाल, निशाण, अंगरखा, वास्तू इत्यादींवर कुलचिन्ह रंगवणे किंवा कोरणे, या अर्थाचे इंग्रजी क्रियापद. ‘ब्लेझन’ या जुन्या शब्दावरून ते बनले. काटेकोर वापरात ‘ब्लेझन’ म्हणजे कुलचिन्हाचे ठरीव परिभाषेत वर्णन करणे आणि ‘एम्ब्लेझन’ म्हणजे ते रंगांत उतरवणे. मात्र जुन्या लेखकांनी हा भेद नेहमी पाळलेला नाही.

‘ब्लेझन’ हा फ्रेंच ‘ब्लाझों’ (ढाल) वरून आला, इथवर मतभेद नाहीत. फ्रेंच शब्दाचे मूळ मात्र अनिश्चित आहे. मध्ययुगीन सरदारांच्या शस्त्रसामन्यांत दवंडीवाले तुतारी फुंकून सरदारांची चिन्हे पुकारत, म्हणून जर्मन ‘ब्लाझेन’ (फुंकणे) हे त्याचे मूळ, असे पूर्वी सांगत. परंतु फ्रेंचमधील सर्वांत जुना अर्थ ‘ढाल’ हाच असल्याने ही व्युत्पत्ती आता फारशी ग्राह्य धरली जात नाही. फुंकण्याच्या अर्थाचा ‘ब्लेझ’ हा निराळा शब्द इंग्रजीत होता. ‘ब्लेझन’ला ‘जाहीर करणे’ ही छटा त्याच्या संसर्गाने आली असावी. ‘एम्ब्लेझन’ हे रूप साधारणतः सोळाव्या शतकाच्या अखेरीस आढळू लागते.

कुलचिन्हांतील रंगनामांबाबतही असाच वाद आहे. ‘गूल्स’ (तांबडा) फारसी ‘गुल’ (गुलाब) पासून आला, हे मत आकर्षक असले तरी गळ्याभोवतीच्या तांबड्या रंगवलेल्या फरच्या पट्ट्यांमुळे फ्रेंच ‘गल’ (गळा) हे मूळ अधिक संभवते. ‘अ‍ॅझ्युर’ (निळा) मात्र अरबीमार्गे फारसी ‘लाजवर्द’ (एक निळा दगड) वरूनच आला.

वर्णनातील शब्द बंधनकारक असतात, रेखाटन नव्हे. सिंहाची आयाळ कशी काढावी हे चित्रकाराने ठरवावे. 1385 मध्ये स्क्रोप व ग्रोव्हनर या दोन इंग्रज घराण्यांची ‘निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा’ ही एकच खूण निघाली. त्यावरून चाललेल्या खटल्यात कवी चॉसरचीही साक्ष झाली आणि 1390 मध्ये निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला.

1877 च्या दिल्ली दरबारासाठी बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर यांनी हिंदी संस्थानिकांची कुलचिन्हे युरोपीय धर्तीवर आखली. ती निशाणांवर भरून संस्थानिकांना देण्यात आली. जरीपटका, बिरुदे व शिक्के यांची देशी परंपरा याहून वेगळी असून तिला ही परिभाषा लागू होत नाही.

आधुनिक इंग्रजीत सदऱ्यावर ठळक छापलेल्या अक्षरांनाही हे क्रियापद लावतात. मराठीत तिथे ‘झळकणे’ पुरते.